धूर किती मोठा, श्वास किती जवळ

पेट्रोल पंपावर टाकीचं झाकण उघडलं की गोडसर, उग्र वास नाकात शिरतो. काहींना तो आवडतोही. त्या वाफेत बेंझिन असतं, आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे पक्कं ठाऊक आहे. पेट्रोलमध्ये ते १ टक्क्याच्या आत ठेवण्याचं बंधन आहे, पण ते झटकन उडतं.

सोलापुरात हवेचा विषय निघाला की बोट धुळीकडे जातं. ते चूक नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं शहर आहेच. पण बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, अर्सेनिक, निकेल यांची जात वेगळी. हवेत ती अगदी थोडी असतात, आणि त्यांनी केलेली हानी बरेचदा कित्येक वर्षांनी उघड होते. मोबाईलवर रोज दिसणारा हवेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात. बेंझिन त्या आठांत नाही.

मग धोका मोजायचा कसा? १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने घालून दिलेली रीत आजही चालते: पदार्थ कोणता अपाय करतो, किती मात्रेला किती, माणसाच्या अंगात प्रत्यक्षात किती जातो, आणि या तिन्हींवरून धोका केवढा. हिशेब करूनच पाहू. भारताच्या २००९च्या मानकात बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घनमीटरला १ मायक्रोग्रॅम बेंझिन असलेल्या हवेत जन्मभर राहिल्यास १० लाखांत ६ जणांना जास्तीचा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. ५ मायक्रोग्रॅमला ३० जणांना. २०११च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. म्हणजे हवा मर्यादेच्या काठावर राहिली, तरी तेवढ्या लोकांच्या उभ्या आयुष्यात साधारण २८ माणसं. हे भाकीत नाही, सावधपणे केलेला अंदाज आहे. पण मानक पाळलं की धोका शून्य होतो, हा समज यातून गळून पडतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी पायरी. अंगात किती जातं? फताटेवाडीच्या वीज केंद्राची चिमणी लांबून दिसते म्हणून आपण तिच्याकडे बघतो, आणि तिच्यावर लक्ष हवंच. पण चुलीच्या धुराचा अभ्यास आयुष्यभर करणारे कर्क स्मिथ सांगत, की घरात सोडलेलं प्रदूषण कुणाच्या तरी फुप्फुसात पोचण्याची शक्यता बाहेर सोडलेल्यापेक्षा सुमारे हजार पट असते. उंच चिमणीचा धूर पसरून विरळ होतो. खोलीतला जागचा हलत नाही.

आता विडी कामगाराच्या घरात या. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. चिमूट भरायची, पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या होईपर्यंत हेच. नाक सुपापासून हातभर अंतरावर. तंबाखूची बारीक भुकटी श्वासात जाते, निकोटीन बोटांच्या कातडीतूनही शिरतं. शेजारी पोर गृहपाठ करतं, पलीकडे स्वयंपाक चालतो. या बाईने जन्मात विडी ओढलेली नसते. शहरातलं कुठलंही मापनयंत्र तिच्या खोलीत डोकावत नाही, याची मला फार टोचणी आहे.

उपायांनाही क्रम असतो. आधी उगम बंद करायचा, जमत नसेल तर झाकायचा, मग वारा खेळवायचा, आणि मुखपट्टी सगळ्यात शेवटी. आपण उलट्या टोकाने सुरू करतो. दुचाकीवर तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ जाड धूळ थोडीफार अडवतो. बेंझिन वायूरूप असतं, ते कापडातून सरळ पार होतं. त्यापेक्षा सिग्नलला इंजिन बंद करणं खरं कामाचं. काही पंपांवर नळीच्या तोंडाशीच वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा असते, ती आहे का आणि चालू आहे का हे विचारावं. गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याबरोबर प्लास्टिक पेटवू देऊ नये. पीव्हीसी हे पाइपांचं प्लास्टिक जळालं की डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं तयार होतात, तेही नाकाच्या उंचीवर. आणि सूप दाराशी, वाऱ्याच्या तोंडी घेतलं, पोराला दुसरीकडे बसवलं, जेवणाआधी हात साबणाने धुतले, तर एक पैसा न घालवता मात्रा कमी होते.

मोजणंही वाटतं तेवढं महाग नाही. कोळशाची भुकटी भरलेला, हवेचा नमुना गोळा करणारा छोटा बिल्ला मिळतो. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही. कॉलरला लावून दिवसभर काम करायचं, की हवेतलं बेंझिन त्यात साठतं आणि प्रयोगशाळेत मोजता येतं. सोलापुरात तो पहिल्यांदा लावायचा झाला, तर पेट्रोल भरणाऱ्या पोराच्या कॉलरला लावावा.