राष्ट्रपती थेट लष्कराला हुकूम देऊ शकतात का?

सीमेवर तणाव वाढला की एक मेसेज हमखास फिरतो: 'राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती आहेत, त्यांनी मनात आणलं तर सरकारला न विचारता लष्कर हलवू शकतात.' हे साफ चुकीचं आहे.

राज्यघटनेच्या कलम 53 नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे, हे खरं. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की हा अधिकार कायद्याने नियमित होईल, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. शिवाय कलम 74 प्रमाणे राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावं लागतं. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मान्य करावाच लागतो. अण्वस्त्रांचंही तसंच. त्यांच्या वापराला मंजुरी देणाऱ्या राजकीय परिषदेचे अध्यक्ष पंतप्रधान असतात.

25 नोव्हेंबर 2009 रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील जी-सूट, म्हणजे लढाऊ वैमानिकांचा खास पोशाख, घालून पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई लढाऊ विमानातून उडाल्या. ते दृश्य पाहून ऊर भरून आला होता. पण विमान चालवत होता वैमानिक, आणि हवाई दलाला आदेश देत होतं निवडून आलेलं सरकार.

मग हे पद नुसतं शोभेचं? मला तसं अजिबात वाटत नाही. लष्करी अधिकाऱ्याला कमिशन, म्हणजे अधिकारपदावरची नेमणूक, मिळते ती राष्ट्रपतींच्या नावाने, कुठल्या पक्षाच्या किंवा पंतप्रधानांच्या नावाने नाही. सरकारं बदलतात, सैनिकाची निष्ठा बदलत नाही, त्याचं एक मूळ इथे आहे.