निराशावाद, जर्मन

विश्वाच्या मुळाशी विवेक नसून निर्हेतुक प्रेरणा आहे आणि म्हणून असण्यापेक्षा नसणेच बरे, असे प्रतिपादन करणारी एकोणिसाव्या शतकातील विचारसरणी. तिचा प्रमुख प्रवर्तक आर्थर शोपेनहौअर (१७८८–१८६०) हा जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या विवेकवादाचा (विश्वाच्या मुळाशी विवेक आहे या मताचा) कडवा विरोधक होता. त्याच्या मते बुद्धी ही अंध इच्छाशक्तीची चाकर आहे. इच्छा अपुरी राहिली तर दुःख आणि पुरी झाली तर कंटाळा, या दोहोंमध्ये आयुष्य लंबकासारखे हेलकावत राहते.

या मताचे मूळ जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या तत्त्वज्ञानात शोधावे की भारतीय विचारांत, याविषयी मतभेद आहेत. शोपेनहौअरच्या १८१३ च्या प्रबंधात इच्छाशक्ती हे विश्वाचे मूलतत्त्व म्हणून अद्याप येत नाही. मार्च १८१४ मध्ये त्याने वायमारच्या ग्रंथालयातून ‘औपनेखत’ हे फ्रेंच पंडित आंकतील-द्यूपेराँकृत उपनिषदांचे लॅटिन भाषांतर (१८०१–०२) नेले. ते दारा शुकोहने १६५७ मध्ये सिद्ध केलेल्या पन्नास उपनिषदांच्या फार्सी अनुवादावरून केलेले असून त्यात मूळ वचने व भाष्य यांची सरमिसळ आहे. त्यामुळे शोपेनहौअरने नेमके काय वाचले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उपनिषदे, प्लेटो आणि कांट यांचा प्रकाश एकाच मनावर एकाच वेळी पडल्याखेरीज आपले तत्त्वज्ञान संभवले नसते, अशा आशयाचे त्याचे १८१६ चे टिपण आहे. त्यामुळे चौकट कांटची, परंतु मांडणी घडत असतानाच उपनिषदांचा संस्कार झाला, हे मत टिपणांच्या कालक्रमाशी अधिक जुळते. बौद्ध मताशी असलेले साम्य मात्र त्याला बहुतांशी मागाहून जाणवले.

१८१८ अखेर प्रसिद्ध झालेला (मुखपृष्ठावर १८१९) त्याचा मुख्य ग्रंथ दीर्घकाळ उपेक्षित राहिला. पुढे मिळालेल्या लोकप्रियतेचे कारण जर्मनीतील १८४८ च्या क्रांतीच्या अपयशात शोधले जाते. ते अंशतःच पटते, कारण निराशावादावरील वाद खरा पेटला तो एडुआर्ट फोन हार्टमानच्या अबोधाच्या (नेणिवेच्या) तत्त्वज्ञानावरील ग्रंथानंतर (१८६९). हार्टमानने सुखदुःखाचा ताळेबंद मांडून दुःखाचे पारडे जड ठरवले, तरी ऐतिहासिक प्रगती नाकारली नाही. फिलिप माइनलेंडर (१८४१–७६) याने मोक्ष म्हणजे संपूर्ण अभाव असे मानले. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने दुःखाचे निदान स्वीकारले, परंतु त्यावरून जीवनच नाकारणे (जीवननिषेध) अमान्य केले.

मराठीत लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) सुखदुःखविवेक या प्रकरणात शोपेनहौअरची दखल घेतली आहे, तथापि दुःखाधिक्यावरून कर्मत्याग निष्पन्न होतो, हे त्यांना मान्य नाही.