कासचा हिरवा आणि ट्यूबमधला हिरवा

पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलेल्या चित्रकाराची पहिली तक्रार ठरलेली असते: डोळ्यांना दिसतो तो रंग कागदावर येत नाही. हात कच्चा असेल तर तो दोष आहेच, पण निम्मी गोष्ट रंगद्रव्याची आहे.

मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंती रंगवल्या गेल्या, त्या काळच्या चित्रकाराजवळ गेरू, पिवडी, हिंगूळ, शेंदूर, हरताळ, नीळ, काजळी असा मोजका ऐवज असे. यातला लाल झगझगीत. हिरवा मात्र बहुतेकदा नीळ आणि हरताळ (पिवळं खनिज) घोटून केलेला, म्हणजे मुळातच मवाळ, आणि उजेडात हरताळ विटला की निळसर उरणारा. शेंदूर भिंतीवर काळवंडतो, ते वेगळंच दुखणं.

युरोपातल्या प्रयोगशाळांनी हे चित्र पालटलं. १८०२ मध्ये कोबाल्ट निळा आला, १८२८ च्या सुमारास कृत्रिम अल्ट्रामरीन, १८४० च्या दशकात बाजारात कॅडमियम पिवळा, आणि १८५९ मध्ये व्हिरिडियन या गडद हिरव्याच्या कृतीचं पेटंट झालं. १८४१ मध्ये जॉन रँडने रंगासाठी कथलाची ट्यूब काढली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत. एकदा टोचली की आतला रंग सुकायला लागे. झाकण लागणारी ट्यूब आल्यावर रंगपेटी घेऊन डोंगरावर बसणं सोपं झालं.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. सातारा जिल्ह्यात चित्रकलेला खरा आश्रय मिळाला तो औंधला. संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढत. १९३८ मध्ये त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारलं. वेदाभ्यासक म्हणून ओळखले जाणारे पंडित सातवळेकर औंधात राहिले, तेही शिक्षणाने चित्रकारच. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले.

आता कासच्या हिरव्याकडे. १९३० च्या दशकात आलेला थॅलो हिरवा अतिशय जोरकस. लेमन यलोच्या चांगल्या बोटभर गोळ्यात तो राईएवढा पुरतो. जास्त पडला तर गवत प्लास्टिकचं दिसतं. ते टाळायला त्यात बर्न्ट सिएनाचा (तांबूस-तपकिरी मातीचा रंग) ठिपका द्यावा. चौथा रंग घालू नये, चिखल होतो. पिवळा कॅडमियम असेल तर जपून, तो अपारदर्शक आहे आणि जाड वॉश (जलरंगाचा पाण्यात कालवून दिलेला थर) खडूसारखा दिसतो.

सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीचा जांभळा अनेकांनी अल्ट्रामरीन आणि अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल मिसळून केला. तो चुकतो. १८६८ मध्ये कृत्रिमरीत्या तयार झालेला अ‍ॅलिझरिन पातळ वॉशमध्ये उन्हाने उडतो आणि मागे नुसता निळा राहतो. १९५८ मध्ये बाजारात आलेले क्विनॅक्रिडोन गटातले गुलाबी-जांभळे रंग टिकतात; ट्यूबवर पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक लिहिलेला बघून घ्यावा. नावावर जाऊ नये, एकाच नावाखाली वेगवेगळी द्रव्यं विकली जातात. शंका असेल तर रंगाच्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून तीन महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवावा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसले तर तो रंग चित्रासाठी नाही.

पठारावर धुकं असतं तेव्हा वॉश लवकर सुकत नाही. अर्धवट ओल्या वॉशवर जास्त ओला ब्रश गेला की पाणी रंग कडेला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. म्हणून तिथे एकच वॉश द्यावा, दुसरा गाडीत किंवा घरी. कागद ३०० जीएसएमचा हवा; पातळ कागदाला पोक येतात आणि रंग खळग्यात साठतो.

ओला जांभा काळपट-तांबडा दिसतो. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन पुरेसा. हे तांबडे तुकडे हिरव्याच्या शेजारी असले की हिरवा आपोआप उजळतो. सगळा कागद भडक केला तर तेरड्याचा गुलाबी विझतो. त्या गुलाबीची जागा सुरुवातीपासून कोरी ठेवावी, आकाश-डोंगर करडे करून घ्यावेत, आणि शेवटी क्विनॅक्रिडोन रोझचा एक पातळ हात कोऱ्या कागदावर मारावा.