स्वमग्न मुलाला रक्तविकाराचे निदान झाल्यानंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र कसे काढावे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले असून त्यांत स्वमग्नतेबरोबरच थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या रक्तविकारांचाही समावेश आहे. त्यामुळे स्वमग्नतेचे प्रमाणपत्र आधीच मिळालेल्या मुलाला यांपैकी एखाद्या विकाराचे निदान झाल्यास पालकांनी जुन्या प्रमाणपत्रावर थांबू नये, तर दोन्ही स्थितींची नोंद असलेल्या बहुदिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी फेरतपासणीची मागणी करावी. रक्ताचा कर्करोग किंवा अप्लास्टिक अॅनिमिया हे आजार कितीही गंभीर असले तरी या यादीत नाहीत. अशा मुलाला कायद्याचा आधार स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राचाच असतो. ते अजून काढलेले नसेल, तर उपचारांच्या धावपळीतही तो अर्ज मागे पडू देऊ नये.

दोन स्थितींच्या दिव्यांगत्वाच्या टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज होत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. सरकारी मार्गदर्शक सूचनांतील सूत्रानुसार 90 मधून जास्तीची टक्केवारी वजा करून उरलेल्या भागाचे 90 शी जे प्रमाण असेल, त्या प्रमाणातच कमी असलेली टक्केवारी जास्तीच्या टक्केवारीत मिळवली जाते. म्हणजे 50 आणि 40 टक्क्यांचे एकत्रित मूल्य 90 नव्हे, तर सुमारे 68 टक्के येते. बहुतेक योजनांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन करावयाचा असून त्यासाठी मुलाचे आधार कार्ड, अलीकडचे छायाचित्र आणि रहिवासाचा पुरावा लागतो. तपासणी राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे किंवा मुलावर उपचार सुरू असलेल्या सरकारी रुग्णालयात करून घेता येते. रक्तविकाराचे उपचार दूरच्या शहरात चालू असतील, तर दुसरा पर्याय निवडणे सोयीचे ठरते.

वैद्यकीय कागदपत्रांत खरी काळजी रक्ताच्या अहवालाची घ्यावी लागते. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या निदानासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात, परंतु रक्त चढवल्यानंतर काही काळ दात्याच्या रक्तामुळे तिचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो. म्हणून पहिले रक्त चढवण्यापूर्वीचा मूळ अहवाल जपून ठेवावा, आणि तशी तपासणी झालेली नसेल तर त्याविषयी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. हिमोफिलियात फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या पातळीचा अहवाल जोडावा. त्याखेरीज रक्त चढवल्याच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे निदानपत्र आणि स्वमग्नतेचे जुने प्रमाणपत्र सोबत असावे. सुईला घाबरणाऱ्या मुलाचे रक्त केवळ कागद अपुरा पडला म्हणून पुन्हा काढावे लागू नये, एवढ्यासाठी तरी ही फाइल नीट लावलेली असावी.

स्वमग्नतेचे मूल्यमापन आयएसएए या 40 मुद्द्यांच्या मापनश्रेणीने, मुलाचे निरीक्षण करून आणि पालकांशी बोलून केले जाते. गर्दीत, अनोळखी आवाजात मूल बिथरते, हे लक्षात घेऊन स्वमग्नता आणि रक्तविकार या दोन्हींच्या तपासण्या शक्यतो एकाच दिवशी व्हाव्यात आणि रांगेत ताटकळावे लागू नये, असा लेखी विनंतीअर्ज आधीच द्यावा. अधिनियमाच्या कलम 25 मध्ये दिव्यांग व्यक्तींना तपासणी व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. पत्रात तिचा उल्लेख अवश्य करावा. हेच पत्र पुढे रक्त चढवण्याच्या प्रत्येक भेटीतही उपयोगी पडते.

ऑक्टोबर 2024 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार वैद्यकीय प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत प्रमाणपत्र देणे अपेक्षित आहे. त्यासोबतचे दिव्यांग ओळखपत्राचे कार्ड 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वासाठी पांढरे, 40 किंवा अधिक पण 80 टक्क्यांहून कमीसाठी पिवळे आणि 80 टक्के किंवा अधिकासाठी निळे असते. प्रमाण पुढे बदलण्याची शक्यता वाटल्यास प्रमाणपत्रावर मुदत घातली जाते, तेव्हा ती तारीख हाती पडताच पाहून घ्यावी. टक्केवारी मान्य नसेल किंवा अर्ज फेटाळला गेला, तर निर्णयापासून 90 दिवसांच्या आत अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि अपिलात तोच मूळ रक्त-अहवाल निर्णायक ठरू शकतो.