नैसर्गिक वायू आणि जैवमिथेन : नवीकरणीय कोणता?

नैसर्गिक वायू आणि ओला कचरा, शेण किंवा सांडपाणी कुजवून व नंतर शुद्ध करून मिळवलेले जैवमिथेन एकाच बर्नरमध्ये, सारख्याच निळ्या ज्योतीने जळतात, कारण दोन्हींमध्ये जळणारा मुख्य पदार्थ मिथेनच असतो. तरीही पहिल्याची गणना कोळसा आणि खनिज तेलाबरोबर होते, तर दुसऱ्याची सौर व पवन ऊर्जेबरोबर. नैसर्गिक वायू नवीकरणीय आहे का, या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. पण त्यामागचे कारण या दोन वायूंना शेजारी ठेवल्यावरच नीट उमगते.

नैसर्गिक वायूचा उगम प्राचीन जीवसृष्टीत आहे. समुद्रतळाशी गाळात गाडले गेलेले सूक्ष्म जीव आणि दलदलीत साचलेल्या वनस्पती कोट्यवधी वर्षे खडकांच्या थराखाली उष्णता व दाब सोसत राहिल्या आणि त्यांच्यातून हा वायू सुटला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन वायुक्षेत्र हे याचे बोलके उदाहरण आहे. तिथला वायू सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दगडी कोळशाच्या थरांतून वर आला, वालुकाश्माच्या छिद्रांत शिरला आणि वरच्या मिठाच्या जाड थरामुळे तिथेच अडकून पडला. हे क्षेत्र १९५९ मध्ये सापडले, १९६३ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या सुमारे साठ वर्षांत तिथून २ लाख कोटी घनमीटरांहून अधिक वायू उपसला गेला. खडकातला दाब घटत गेला, वालुकाश्म वरच्या भाराखाली आकसू लागला आणि भूकंपाचे धक्के बसू लागले. २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, घरांच्या भिंतींना तडे गेले, आणि अखेर २०२३ मध्ये उत्पादन थांबवण्यात आले. वायू पूर्ण संपला म्हणून हे क्षेत्र बंद झाले नाही, हे खरे; परंतु काढलेल्या वायूची जागा घ्यायला खालून नवा वायू येत असता, तर दाब असा घसरलाच नसता.

एखादा स्रोत वापरला जातो त्याच वेगाने, निदान माणसाच्या आयुष्याच्या मापात, पुन्हा भरून येतो का, ही नवीकरणीयतेची खरी कसोटी आहे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख कोटी घनमीटर नैसर्गिक वायू वापरला जातो. भूगर्भात वायू तयार होण्याची क्रिया आजही थांबलेली नाही, पण या उपशापुढे तिचा वेग नगण्य आहे. काही उथळ साठ्यांतला वायू तर उष्णतेने नव्हे, सूक्ष्मजीवांनीच तयार केलेला असतो. तरीही तो युगानुयुगे साचलेला असल्याने त्यालाही नवीकरणीय म्हणता येत नाही.

जैवमिथेनच्या बाबतीत हीच क्रिया काही आठवड्यांत उरकते. हवाबंद टाकीत, साधारणपणे ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला, जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. त्यातून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये ५० ते ७० टक्के मिथेन असते आणि उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा असतो. तो काढून टाकला की जैवमिथेन उरते. ते जळल्यावर हवेत जाणारा कार्बन वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, आणि पुढच्या हंगामातली पिके तो पुन्हा घेऊ शकतात. नैसर्गिक वायूतला कार्बन मात्र या चक्राबाहेर होता. आपण त्याची हवेत नव्याने भर घालतो, आणि मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हा फरक प्रयोगशाळेत मोजताही येतो. सजीवांमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे, म्हणजे दर तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. त्यामुळे कोट्यवधी वर्षे जुन्या वायूत तो मुळीच उरलेला नसतो, तर ताज्या कचऱ्यापासून बनलेल्या मिथेनमध्ये तो सापडतो. एकाच वाहिनीत दोन्ही वायू मिसळले, तरी नमुन्यातील कार्बन-१४ मोजून जैव भाग किती आहे हे सांगता येते.

मग गोंधळ होतो कुठे? ‘स्वच्छ’ आणि ‘नवीकरणीय’ हे दोन वेगळे गुण एकच मानले जातात तिथे. एक गिगाज्यूल (शंभर कोटी ज्यूल) उष्णतेसाठी नैसर्गिक वायू जाळल्यास सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर कोळशापासून सुमारे ९५ किलो. काजळी आणि राखही वायूपासून जवळजवळ नसते. कोळशाच्या जागी वायू वापरण्याचा हा लाभ खरा आहे; युरोपीय संघाने २०२२ मध्ये काही वायुप्रकल्पांना ठरावीक अटींवर शाश्वत गुंतवणुकीच्या वर्गीकरणात ‘संक्रमणकालीन’ म्हणून स्थान दिले, तर अमेरिकेतील ओहायो राज्याने २०२३ मध्ये कायद्याने नैसर्गिक वायूला ‘हरित ऊर्जा’ ठरवले. पण या निर्णयांमुळे भूगर्भातला साठा भरून येण्याचा वेग बदलत नाही. उलट, लाकूड नवीकरणीय असूनही त्याचा धूर फुफ्फुसांना घातकच ठरतो.

जैवमिथेनकडेही डोळे मिटून पाहता येणार नाही. जळण्याआधीच गळून गेलेले एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ घडवते. जीवाश्म मिथेनसाठी हा आकडा ३० च्या जवळ जातो, म्हणजे अंतर फारच थोडे. टाकीला किंवा वाहिनीला गळती असेल, तर जैव उगमाचा फायदा बराचसा हातचा जातो. शिवाय केवळ वायूसाठी सुपीक जमिनीवर पिके घेतली, तर अन्नधान्याची जमीन, खते आणि पाणी इंधनात खर्ची पडतात. म्हणून कचरा आणि शेतातील अवशेष हाच त्याचा योग्य कच्चा माल आहे. तो मर्यादित आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार बायोगॅस व जैवमिथेनची शाश्वत क्षमता पूर्णपणे वापरली, तरी त्यातून जगाच्या तेव्हाच्या वायू-मागणीपैकी सुमारे २० टक्केच भागली असती. उरलेली मागणी कमी करणे किंवा वीज आणि इतर नवीकरणीय स्रोतांकडे वळवणे हाच मार्ग राहतो.