भात्यात किती बाण असावेत?

२०११ साली आलेल्या 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममध्ये चीजच्या एका अख्ख्या चाकाचं वजन २ एकक आहे आणि बाणाचं शून्य. पात्र सुरुवातीला ३०० एकक ओझं उचलू शकतं. त्यापुढे एखादी वाटी जरी झोळीत टाकली तरी धावणं बंद आणि रखडत चालणं सुरू. पण त्याच पात्राच्या पाठीवर हजार बाण लादा, खेळ हूं की चूं करत नाही. खरा लढाईचा बाण साधारण ६० ते १०० ग्रॅमचा असतो. हजार बाण म्हणजे निदान ६० किलो. सिमेंटची गोणीसुद्धा ५० किलोचीच असते.

ही निर्मात्यांची नजरचूक म्हणावी, तर याच मालिकेतल्या आधीच्या 'मोरोविंड' (२००२) आणि 'ऑब्लिव्हियन' (२००६) या खेळांत बाणांना वजन होतं, एका बाणाला सुमारे ०.१ एकक. स्कायरिममध्ये ते काढलं आणि २०१७ मध्ये आलेल्या 'सर्व्हायव्हल मोड' या जास्त खडतर प्रकारात परत घातलं. बाण मोजायचे की नाही, या एका प्रश्नावर एकाच घराण्याची मतं अशी सारखी बदलत आली आहेत.

मोजण्याच्या बाजूने नेहमी एकच युक्तिवाद येतो: प्रत्यक्षात बाण संपतात. संपतात हे खरंच, पण कसे? इंग्लंडचं 'मेरी रोज' हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्याच्या अवशेषांत साडेतीन हजारांहून जास्त बाण सापडले. शिवाय २४ भोकं पाडलेल्या चामड्याच्या चकत्याही मिळाल्या. एका भोकात एक बाण, म्हणजे पिसं चुरगळत नाहीत. २४ बाणांची ही जुडी तेव्हाचं ठरलेलं माप होतं. जहाजाच्या सामानाच्या नोंदीत २५० धनुष्यं आणि ४०० जुड्या आहेत, म्हणजे ९,६०० बाण. (स्कायरिमच्या 'डॉनगार्ड' या जोडभागात एक लाकूड आणि धातूची एक लगड दिली की बरोबर २४ बाण तयार होतात. ठरवून केलं की योगायोग, कोण जाणे.)

सराईत तिरंदाज मिनिटाला दहा-बारा बाण सोडू शके, पण तो वेग त्याला फार वेळ टिकवता येत नसे. बाराच्या वेगाने जुडी दोन मिनिटांत रिकामी होते, सहाच्या वेगाने चार मिनिटांत. मेरी रोजवरच्या धनुष्यांची ओढ १०० ते १८५ पौंड असावी असा अंदाज आहे, म्हणजे ४५ ते ८४ किलो. तेवढं वजन एका हाताच्या तीन बोटांनी दर पाच सेकंदांनी ओढून पाहा. बाण संपायच्या आधी खांदा संपतो.

बाण संपण्याचा खरा प्रश्न होता तो रसदीचा. इसवी सनपूर्व ५३ मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅसस ढालींआड थांबून राहिला, कारण पार्थियन घोडेस्वारांचे बाण केव्हातरी संपतील असा त्याचा हिशेब होता. मग त्याला दिसलं की शत्रूचे स्वार मागे जाताहेत आणि उंटांवर लादलेल्या बाणांतून भाते भरून परत येताहेत. हिशेब तिथेच कोसळला.

तेव्हा ज्याला खेळ वास्तव करायचा आहे त्याने तीन गोष्टी दाखवायला हव्यात: दमणारा हात, भात्याची छोटी क्षमता आणि मागे उभं असलेलं बाणांचं कोठार. खेळ मात्र बहुतेक वेळा फक्त एक आकडा दाखवतात. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये एका कप्प्यात २० बाण आणि भात्याचे तीन कप्पे, म्हणजे ६०. दोन जुड्या आणि वर बारा बाण. मोठ्या लढाईला जाणाऱ्या तिरंदाजाजवळ साधारण एवढेच असत. इथवर झकास. पण सहा सेकंदांच्या एका फेरीत धनुष्याने दोन बाण सुटतात, म्हणजे मिनिटाला २०. तीन मिनिटांत साठ बाण संपतात आणि खेळाडू उरलेला वेळ इन्व्हेंटरीत, म्हणजे झोळीत, वीस-वीसचे गठ्ठे इकडून तिकडे सरकवत बसतो. वास्तवाची नक्कल केली ती नेमकी त्यातल्या सर्वांत कंटाळवाण्या भागाची.

आता थोडं गणित. बहुतेक खेळांत सोडलेले काही बाण परत मिळतात. परत मिळण्याची शक्यता p असेल, तर N बाणांतून एकूण N भागिले (१ − p) एवढे नेम साधता येतात. स्कायरिममध्ये शत्रूच्या अंगात घुसलेला बाण परत मिळण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश आहे, म्हणजे १०० बाणांतून १५० नेम. तिरंदाजीचं एक कौशल्य घेतलं की ही शक्यता दुप्पट होऊन दोन तृतीयांशावर जाते आणि १०० बाणांतून ३०० नेम निघतात. ती नव्वद टक्के केली तर हजार! म्हणजे शक्यता सरळ रेषेत वाढते आणि बाणांचं आयुष्य वक्ररेषेत. शेवटच्या दहा-वीस टक्क्यांत मर्यादा नुसती सैल होत नाही, ती नाहीशीच होते. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत लढाईनंतर एक मिनिट शोधलं की वापरलेले निम्मे बाण परत मिळतात. दर लढाईत भाता पूर्ण रिकामा केला आणि अपूर्णांक सोडून दिला, तर २०, १०, ५, २, १ असे ३८ नेम होतात.

खरी गडबड पुढे आहे. समजा, एका गुहेत १२ शत्रू आहेत. प्रत्येकाची जीवनशक्ती ६०, बाणाचा मारा १२, म्हणजे शत्रूमागे पाच बाण लागायला हवेत. खेळाडूचे ७० टक्के बाण लागत असतील तर गुहेला सुमारे ८६ बाण खर्ची पडतात. त्यातले एक तृतीयांश परत आले की निव्वळ खर्च ५७. गुहेत ४० बाण सापडतात असं धरू. तूट १७ ची. शंभर बाण घेऊन निघालेला खेळाडू पाच गुहा आरामात पार करतो आणि सहाव्या गुहेच्या शेवटी अडखळतो. डिझायनरला हाच ताण हवा असतो.

आता ९० टक्के नेम असलेला खेळाडू घ्या. त्याला ६७ बाण लागतात, निव्वळ खर्च ४५ च्या आत, तूट जेमतेम चार-पाचची. वीस गुहा झाल्या तरी त्याला बाण मोजावे लागत नाहीत. आणि ज्याचे निम्मेच बाण लागतात त्याला १२० बाण हवेत, खर्च ८०, तूट ४०. तिसऱ्या गुहेतच त्याच्या हातात रिकामं धनुष्य उरतं. मग तो न शिकलेली तलवार घेऊन झुंजतो, मार खातो, सोनं औषधांवर उडवतो आणि बाण घ्यायला पैसे उरत नाहीत. ज्याला मर्यादेची गरज होती त्याला ती जाणवतही नाही, आणि जो आधीच गटांगळ्या खातोय त्याच्या गळ्यात दगड. साध्या बाणांच्या मोजणीवरचा मोठा आक्षेप हा आहे. वास्तव-अवास्तवाचा वाद त्यामानाने किरकोळ.

याच्या उलट टोकाला साठवणूक. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा एक भाग असा, की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. परत न मिळणारा बाण सोडणं हे गमावणंच. म्हणून खेळाडू उत्तम बाण पुढच्या मोठ्या शत्रूसाठी राखतो, मग त्याच्याही पुढच्यासाठी, आणि खेळ संपतो तेव्हा ते सगळे झोळीत तसेच असतात. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेला चांगला कपबशांचा सेट घरोघरी असाच म्हातारा होतो.

यावर आजच्या अनेक खेळांनी शोधलेला तोडगा आपल्याला नवा वाटू नये. महाभारतात खांडववन जाळण्याच्या वेळी अर्जुनाला गांडीव मिळतं आणि त्यासोबत दोन अक्षय भाते. त्याचे साधे बाण कधी कोणी मोजत नाही. दुसरीकडे कर्णाला कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार असते. साधं ते अमर्याद आणि खास ते मोजकं. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९), 'द विचर ३' (२०१५), 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या सगळ्यांत हीच दुहेरी रचना आहे. बाल्डर्स गेटचा हा प्रवास लक्षात घेण्याजोगा: पहिल्या भागातला वीस-वीसचा हिशेब तिसऱ्या भागात साध्या बाणांपुरता रद्द झाला आणि एकेका खास बाणाला मात्र किंमत आली.

कर्णाच्या गोष्टीत साठवणुकीवरचा उपायही आहे. त्याने ती शक्ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती. कृष्णाने रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पुढे केलं, कौरवसेना हातची जायची वेळ आली आणि कर्णाला शक्ती तिथेच सोडावी लागली. खेळाच्या भाषेत कृष्ण इथे लेव्हल डिझायनर आहे. खास बाण नुसते दुर्मिळ करून भागत नाही. ते न वापरल्यास आत्ता, याच क्षणी काहीतरी महाग पडेल असा प्रसंग रचावा लागतो. झोळीची मर्यादा लहान ठेवणं हा सौम्य उपाय. आगीचे पाचच बाण बाळगता येत असतील आणि सहावा समोर पडलेला दिसला, तर हातातला एक सोडायला जीव कचरत नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने वेगळी वाट काढली. तिथल्या शिकाऱ्यांना पूर्वी २००-२०० बाणांचे गठ्ठे विकत घ्यावे लागत आणि भात्यासाठी पिशवीची एक जागा अडवावी लागे. ऑक्टोबर २०१० मध्ये दारूगोळा पूर्ण काढून टाकला आणि त्याच बदलात शिकाऱ्याला 'फोकस' मिळाला: वापरला की घटतो, थोडं थांबलं की भरतो. खेळाडूंनी याला सोयीचा बदल म्हटलं. पण मेरी रोजवरच्या तिरंदाजाच्या खांद्याशी ताडून पाहिलं, तर बाण मोजण्यापेक्षा हे जास्त वास्तव आहे. 'एल्डन रिंग' (२०२२) दोन्ही लावतो: जवळ बाळगायला एका प्रकारचे ९९ बाण आणि प्रत्येक नेमामागे दमसास.

मोजणी गंमत वाढवते ती एका ठिकाणी: बाण मिळवणं हाच खेळ असेल तिथे. 'होरायझन झिरो डॉन' (२०१७) मध्ये लाकूड आणि धातूचे तुकडे गोळा करून भर लढाईत बाण बनवता येतात, आणि त्यासाठी पडद्यावरचं शस्त्रं निवडायचं चक्र उघडलं की वेळ मंदावतो. बाण संपणं ही तिथे शिक्षा नसते, तो लढाईतलाच एक ठोका असतो. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) हा १४०३ च्या बोहेमियातला खेळ धनुष्याला नेमाचं चिन्हच देत नाही. सेकंदाला ५५ मीटर वेगाचा बाण ५० मीटर जायला ०.९ सेकंद घेतो आणि तेवढ्यात चार मीटर खाली येतो. हे डोळ्यांच्या अंदाजाने शिकायचं असेल तर चुकलेल्या प्रत्येक बाणाची किंमत जाणवायलाच हवी.

ज्यांना मोजणी ठेवायचीच आहे त्यांनी आकडे निम्मे बाण चुकवणाऱ्या खेळाडूवर तपासावेत. स्टुडिओतले लोक तोच खेळ वर्षानुवर्षं खेळत असतात, त्यांचा नेम फसवा. साधे बाण संपले तरी एक बोथट, कमी मार करणारा बाण कायम उरावा. आणि चालू प्रकार संपताच पुढचा प्रकार आपोआप धनुष्यावर चढवण्याची सोय असेल तर ती खास बाणांपुरती बंद ठेवावी. नाहीतर ड्रॅगनसाठी जपलेला बाण गटारातल्या उंदराला लागतो, आणि खेळाडूला ते कळतं तेव्हा ड्रॅगन समोर असतो.