कौशल्य तक्ता : कारखान्यातील पात्रता-मूल्यमापन आणि प्रशिक्षण-आराखडा

कोणाला कोणते काम किती येते हे प्रत्यक्ष पाहून नोंदवण्याची, आणि जे येत नाही ते कोणी, कधीपर्यंत, कसे शिकवायचे हे ठरवण्याची पद्धत. सातारा, कुपवाड, मिरज, लोणंद अशा औद्योगिक वसाहतींत 'स्किल मॅट्रिक्स' हे नाव तोंडी जास्त ऐकू येते. मराठीत 'कौशल्य तक्ता' म्हणतात. डावीकडे कामगारांची नावे, वर कामांची नावे आणि दोन्हींच्या चौकटीत चार भागांचे एक वर्तुळ, असे त्याचे साधे रूप. पाव वर्तुळ भरलेले असेल तर माणूस शिकाऊ आहे. अर्धे असेल तर तो कोणी शेजारी असताना काम करतो. पाऊण म्हणजे पाळी एकट्याच्या भरवशावर सोडता येते. पूर्ण म्हणजे स्वतः करून तो दुसऱ्यालाही शिकवतो. पाऊण आणि पूर्ण यांतला फरक हाताच्या सफाईचा नसून शिकवण्याच्या ताकदीचा आहे. हे नीट न कळल्याने पुष्कळ तक्त्यांत प्रत्येक जुन्या माणसाचे वर्तुळ पूर्ण रंगवलेले असते, आणि नवा मुलगा त्याच्या हाताखाली दिला की दोघांचीही पंचाईत होते.

या पद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अनुभवी कामगार सैन्यात गेल्यावर नवख्यांना भराभर तयार करण्यासाठी अमेरिकेत १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी उपक्रम चालला. त्यात मुकादमाने भरायचे प्रशिक्षण-वेळापत्रक होते : कोण, कोणते काम, कोणत्या तारखेपर्यंत. युद्धानंतर हे तंत्र जपानी कारखान्यांत रुजले आणि वाहन-उद्योगाच्या पुरवठा-साखळीतून जगभर पसरले. दुसरा प्रवाह मानसशास्त्रातला. डेव्हिड मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये असे मांडले की बुद्धिमापनाच्या चाचण्यांपेक्षा, काम चांगले करणारा माणूस प्रत्यक्षात काय वेगळे करतो ते तपासावे. आयएसओ ९००१ या दर्जा-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील कलम ७.२ हेच मागते : कामाला लागणारी पात्रता ठरवा, ती आहे का पाहा, नसेल तर मिळवून द्या, जे केले ते उपयोगी पडले का ते तपासा, आणि पुरावा जपून ठेवा. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळ जाणारा माणूस खास प्रशिक्षित असावा आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे अशी अट घातली होती. तक्त्याचा तो एका स्तंभाचा पूर्वजच मानता येईल.

सातारा-सांगली पट्ट्यात या विषयाला खोल मुळे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे यंत्रावर तयार करणे हाच पहिला प्रश्न होता. पुढे सांगलीला १९४७ मध्ये आणि कऱ्हाडला १९६० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये आली, तालुक्या-तालुक्याला आयटीआय झाले. तरीही आयटीआयचे प्रमाणपत्र आणि अमुक यंत्रावरची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र सांगते की मुलाला टर्निंग (लेथवरचे कातकाम) म्हणजे काय ते ठाऊक आहे. या चकवर (पकडीवर), हा जॉब (घडवायचा भाग), या मापात तो काढेल का, हे यंत्रापाशीच कळते.

कामांची फोड. तक्ता बिघडतो तो बहुधा इथेच. 'सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) चालवणे' हे एका स्तंभाचे नाव होऊ शकत नाही, कारण त्यात दहा-बारा निरनिराळी कामे दडलेली असतात : जॉब पकडणे व जबड्यांचा दाब ठरवणे, शून्य बसवणे, इन्सर्टचा (हत्यारावरच्या कापणाऱ्या तुकड्याचा) कोपरा बदलणे, ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) देणे, मापन, पहिला नग तपासून घेणे, नापास नग लाल पेटीत वेगळा ठेवणे, अलार्म ओळखणे, आणि मध्येच लाईट गेली तर काप अर्धवट असताना यंत्र पुन्हा सुरू करणे. शेवटचे काम यादीत क्वचितच सापडते. हत्यार जॉबमध्ये अडकलेले असताना ते आधी सुरक्षित बाहेर काढून, टरेट (हत्यारे धरणारा फिरता भाग) त्याच्या मूळ जागी नेऊन, कार्यक्रम योग्य ओळीपासून सुरू करावा लागतो. हे न शिकवलेल्या माणसाने घाईत बटण दाबले की टरेट आपटतो. यादी कार्यालयात बसून करू नये. पाळीप्रमुख, सेटर (यंत्र जुळवून देणारा) आणि दर्जा-तपासनीस यांनी यंत्रासमोर उभे राहून करावी. एका यंत्राला आठ ते बारा कामे पुरतात. वीस झाली की तक्ता कोणी अद्ययावत ठेवत नाही.

मूल्यमापन कसे होते. समजा, ४० मिलिमीटर व्यासाच्या भोकाला एच-७ माप दिले आहे. म्हणजे ४०.००० ते ४०.०२५, एकूण सूट २५ मायक्रॉन. पारखणारा दोन पावले मागे उभा राहतो आणि सलग पाच नग होईपर्यंत हात पाठीमागे ठेवतो. तो पहिल्यांदा काय पाहतो, तर माणसाने माप घ्यायला काय उचलले. ०.०२ मिलिमीटर अल्पतम मापाचा व्हर्नियर उचलला असेल तर पुढचे पाहायची फारशी गरज उरत नाही. ज्या पट्टीचे एक घर जवळपास पूर्ण सुटीएवढे आहे तिने हे भोक मोजता येत नाही. बोअर गेज (भोक मोजायचे उपकरण) उचलला, तर तो आधी सेटिंग रिंगवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या कड्यावर, शून्य केला का? भोकातले तेल व बूर (कापाचे बारीक कण) पुसले का? जॉब हाताला गरम लागत असताना मोजला का? चाळीस मिलिमीटरचे पोलादी भोक दहा अंश तापले तर सुमारे साडेचार मायक्रॉनने मोठे दिसते, म्हणजे सुटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथेच जातो.

मग तिसऱ्या-चौथ्या नगाला इन्सर्ट झिजून भोक ३९.९९५ येऊ लागते. जाणता माणूस ऑफसेटमध्ये सतरा मायक्रॉन अधिक टाकतो, म्हणजे पुढचे माप मध्यावर, ४०.०१२ ला येते. नवखा एकदम ४० टाकतो, भोक ४०.०३५ होते आणि जॉब भंगारात जातो. लहान राहिलेल्या भोकात पुन्हा काप घेता येतो. मोठे झालेले परत लहान होत नाही. इथे पारखणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा : "अण्णा, सतराच का टाकले?" 'मध्यावर आणायचे होते' असे उत्तर आले तर वर्तुळ पाऊण. 'साहेबांनी सांगितले तसे टाकतो' असे आले, तर नग पाचही पास असले तरी वर्तुळ अर्धेच. हात चालतो, पण कारण माहीत नाही, आणि तिसऱ्या पाळीत साहेब नसतात.

हे पाहणे दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकदा रात्रपाळीत करावे. वर्तुळाखाली तारीख, पारखणाऱ्याची सही आणि खुद्द कामगाराचीही सही हवी. एकट्या मुकादमाच्या मतावर भरलेल्या तक्त्यात गाव, भावकी आणि जुनी ओळख नकळत उतरते. उलटही घडते : तोंडाने फटकळ माणसाचे हात कितीही चांगले असले तरी त्याला पाव कमीच मिळते. म्हणून वागणूक हा स्तंभ वेगळा ठेवावा आणि तिथेही 'स्वभाव चांगला' असे न लिहिता घडलेली गोष्ट लिहावी : पाळी बदलताना अडचण सांगून गेला का, नापास नग लपवला का, हेल्परला हातमोजे घालायला लावले का. पाळीप्रमुखांचे मूल्यमापन तर जवळजवळ पूर्णपणे अशा घटनांवरच करावे लागते.

किती माणसे हवीत. वर्तुळे भरून झाली की खरे काम सुरू होते, ते तक्ता उभा वाचण्याचे. तीन पाळ्यांत आठवडाभर चालणाऱ्या यंत्राला २१ पाळ्या भरायच्या असतात. एक माणूस आठवड्याला सहा भरतो. भागाकार साडेतीन येतो, म्हणजे कोणी एक दिवसही रजा न घेता चार माणसे लागतात. रजा तर असतेच. पौषात पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा, ज्येष्ठ-आषाढात लोणंद-फलटणमार्गे जाणारी माउलींची पालखी, बेंदूर, ऊसतोड, लग्नसराई. या भागात कामगार हा शेतकरीही असतो, आणि त्याचा खाडा हा बेशिस्तीचा भाग न मानता आराखड्यात धरायचा आकडा मानला पाहिजे. तेव्हा अशा यंत्राला पाऊण किंवा त्याहून अधिक भरलेली पाच वर्तुळे हवीत आणि त्यांतले एक तरी पूर्ण. स्तंभात तीनच सापडली तर तूट दोनची, आणि आराखड्याची पहिली ओळ हीच. ज्या स्तंभात एकच पूर्ण वर्तुळ आहे आणि तो माणूस दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, त्या स्तंभावर लाल खूण करतात.

आराखडा. 'प्रशिक्षण द्यावे' एवढेच लिहिले तर ते कोणाच्याच वाट्याला येत नाही. ओळीत शिकणारा, शिकवणारा, काम, सुरुवातीची तारीख, पुन्हा पाहण्याची तारीख आणि कोणत्या खुणेवरून जमले म्हणायचे, एवढे सगळे हवे. यंत्रावर शिकवण्याच्या चार पायऱ्या महायुद्धाच्या काळापासून बदललेल्या नाहीत : माणसाला काय येते ते विचारून तयार करणे, करून दाखवत कारणासह सांगणे, त्याच्याकडून करवून घेताना त्यालाच बोलायला लावणे, आणि मग मोकळे सोडून अधूनमधून पाहणे. तिसरी पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. शिकाऊ मान डोलावतो, शिकवणाऱ्याला वाटते समजले.

एका शिकवणाऱ्याकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त शिकाऊ देऊ नयेत, आणि शिकवण्याच्या दिवसांत त्याचे उत्पादनाचे लक्ष्य कमी करावे. हे केले नाही तर आराखडा कागदावरच राहतो : नगांचा आकडा अंगावर असताना कोणताही शहाणा कारागीर शिकाऊला बाजूला करून स्वतः हात चालवतो. त्यात त्याची चूक नाही.

झाले की नाही हे वर्गातल्या तासांवरून ठरत नाही. डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मोजमाप चार थरांत मांडले : आवडले का, कळले का, कामात उतरले का, परिणाम दिसला का. बहुतेक ठिकाणी पहिल्या थराचा फॉर्म भरून फाइल बंद होते. महिन्याने त्याच पारखणाऱ्याने पुन्हा पाच नग पाहावेत आणि तीन महिन्यांनी त्या यंत्राचे रिजेक्शन व सेटिंगचा वेळ आधीच्या आकड्यांशी ताडावा, तेव्हा तिसरा-चौथा थर कळतो.

साखर कारखान्यांतील वेगळेपण. कृष्णा-वारणा खोऱ्यातल्या कारखान्यांना हे गणित उलटे सोडवावे लागते. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शिकवायला वेळ मिळतो तो बंद काळात, आणि तेव्हा रस नसतो, वाफ नसते, पॅन (पाक आटवून दाणा धरायची भांडी) रिकामे असतात. पंप उघडणे, मिलचे रोलर, गिअर आणि व्हॉल्व्ह यांचे काम तेव्हा शिकवता येते व पारखताही येते. पॅनमनचे काम मात्र चालू पॅनपाशीच दिसते. तो नमुन्याची दांडी ओढून मसेकाइटचा (दाणे आणि पाक यांच्या मिश्रणाचा) थेंब काचेच्या पट्टीवर घेतो, उजेडासमोर धरतो आणि दाणा एकसारखा आहे का, मध्ये बारीक खोटा दाणा धरला आहे का ते बघतो. पाक गरजेपेक्षा जास्त आटला किंवा व्हॅक्यूम अचानक बदलला की खोटा दाणा होतो. तो विरघळवण्यासाठी पाणी द्यावे लागते, आणि ते पाणी पुन्हा आटवायला वाफ आणि वेळ जातो. हा अंदाज चित्रांवरून शिकता येत नाही. म्हणून मूल्यमापन हंगामाच्या उत्तरार्धात, कारखाना सुरळीत चालू असताना, उरकून घ्यावे. तूट हंगाम संपण्यापूर्वीच लिहून ठेवावी, बंद काळात यंत्रभागांचे व तत्त्वांचे शिक्षण द्यावे आणि बॉयलर अग्निप्रदीपनानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात शिकाऊ पॅनमनला पूर्ण वर्तुळाच्या माणसासोबत त्याच पाळीत लावावे. बॉयलर चालवणाऱ्याला शासनाचे प्रमाणपत्र लागते. तक्त्यातले पूर्ण वर्तुळ त्याची जागा घेऊ शकत नाही. असे कायदेशीर परवाने वेगळ्या रंगात, मुदतीच्या तारखेसह दाखवतात.

कुठे बिघडते. ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने, एकाच तारखेने भरलेला तक्ता अनुभवी ऑडिटर दुरून ओळखतो. तो एक नाव निवडतो, यंत्रापाशी जातो आणि जॉब करून दाखवायला सांगतो. दुसरा बिघाड असा की वर्तुळ फक्त भरत जाते, रिकामे कधीच होत नाही. प्रत्यक्षात न वापरलेला हात विसरतो. दाबपात्रांच्या वेल्डिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संहितेच्या नवव्या भागात तर स्पष्ट नियम आहे : सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही तर वेल्डरची त्या पद्धतीची पात्रता संपते. हाच नियम इतर कामांना लावून, सहा महिने न केलेल्या कामाचे वर्तुळ पुन्हा पाहेपर्यंत अर्ध्यावर आणणे योग्य. ठेकेदाराची माणसे तक्त्यात नसणे हा तिसरा बिघाड, आणि अपघाताच्या दृष्टीने सर्वांत घातक, कारण भट्टीजवळचे व भारवाहू काम बहुधा त्यांच्याकडेच असते.

पगाराशी तक्त्याचे नाते नाजूक आहे. किमान वेतनातील कुशल, अर्धकुशल, अकुशल हे वर्ग आणि तक्त्यातील वर्तुळे यांचा थेट संबंध नाही. वर्तुळावर थेट वाढ ठेवली तर मुकादम उदार होतात आणि खरी तूट झाकली जाते. मुळीच काही दिले नाही तर दुसरे यंत्र शिकायला कोणी पुढे येत नाही. शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता आणि अनेक यंत्रे येणाऱ्याला बढतीत प्राधान्य, असा मधला मार्ग कामगार संघटनेसोबतच्या करारात लिहून घेतलेला बरा.

वीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या नावापुढे पाव वर्तुळ भिंतीवर लागले की त्याला ते लागते. ही भावना साधी नाही. त्याने नवे यंत्र कालच पाहिलेले असते. अशा ठिकाणी नावाऐवजी टोकन क्रमांक लिहितात, आणि वर्तुळ फलकावर चढण्याआधी त्या माणसाला बाजूला बसवून दाखवतात. सही तेव्हाच घेतात. त्याला ते चुकीचे वाटले तर दुसऱ्या पारखणाऱ्याकडून पुन्हा पाहण्याचा हक्क असतो.

कारखान्याबाहेरही ही पद्धत चालते. मिरजेच्या रुग्णालयांत परिचारिकांसाठी शीर शोधणे, औषधाची मात्रा काढणे, रक्त चढवताना नाव व गट दोघींनी ताडणे अशी कामे स्तंभांत येऊ शकतात. तासगावच्या बेदाणा शीतगृहांत तापमान-नोंद आणि प्रतवारी. फोड, पारख आणि तारीख हे तिन्ही तिथेही तसेच लागतात. नवे यंत्र, नवा जॉब किंवा नवी औषधपद्धत आली की नवा स्तंभ उघडतात, आणि त्या दिवशी त्यातली सगळी वर्तुळे रिकामी असतात.